टाकीपासून जेटपर्यंत

ट्रॅक्टर दहा मिनिटे चालायचा आणि बंद पडायचा. थोडा वेळ थांबले की पुन्हा चालू व्हायचा, आणि पुन्हा दहा मिनिटांनी बंद. राखाडी रंगाचा, बुटका, चार सिलिंडरचा, पेट्रोलवर चालणारा जुना फर्ग्युसन होता तो. मी त्या वेळी एका ग्रामीण शाखेत शेतीकर्जाचे टेबल सांभाळत होतो आणि नव्या ट्रॅक्टरसाठी आलेल्या अर्जाच्या पाहणीला त्या शेतकऱ्याच्या वस्तीवर गेलो होतो. वडिलांच्या वेळचा ट्रॅक्टर दारात उभा होता. दोन मिस्त्र्यांनी त्याचा कार्बोरेटर उघडून, धुऊन, फुंकून परत बसवला होता. एकाने तर तो बदलायचाच सल्ला दिला होता.

तिसरा मिस्त्री माझ्यासमोरच आला. वयाने साठीपुढचा. त्याने पान्ह्याला हात लावला नाही. इंजिन सुरू केले, बंद पडायची वाट पाहिली आणि बंद पडताच टाकीचे झाकण सैल केले. आत हवा शिरल्याचा बारीक आवाज मलाही ऐकू आला. त्यानंतर तो ट्रॅक्टर बंद पडला नाही. झाकणाला हवेसाठी जे बारीक छिद्र असते, ते चिखलाने आणि रंगाने बुजले होते. पेट्रोल खाली उतरले की टाकीत वर पोकळी व्हायची आणि ती पोकळी उरलेल्या पेट्रोलला खाली येऊ द्यायची नाही. दोष टाकीच्या तोंडाशी होता आणि दोघे जण तो शेवटच्या टोकाला, कार्बोरेटरमध्ये, शोधत बसले होते.

परत येताना बॉनेटवरचे नाव डोक्यात घोळत राहिले. आपल्याकडे फर्ग्युसन म्हटले की पहिल्यांदा आठवते ते पुण्याचे कॉलेज. पण ते नाव मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचे. इंग्रजीत लिहिताना त्यांच्या नावात एक ‘एस’ जास्त असतो. ट्रॅक्टरवरचा फर्ग्युसन वेगळा. योगायोग असा, की १८८४ साली पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला आयर्लंडच्या डाउन परगण्यात, ड्रोमोरजवळच्या ग्रोवेल या खेड्यात एका शेतकऱ्याच्या घरी हॅरी फर्ग्युसन जन्मला. आज आपल्या शिवारात जो कुठला ट्रॅक्टर उभा असेल, त्याच्या मागच्या बाजूला पाहावे. दोन दांडे खाली, एक वर, अशा तीन ठिकाणी अवजार अडकवायची सोय दिसेल. कंपनी कोणतीही असो, ती सोय या माणसाची आहे.

अकरा भावंडांतला हॅरी चौथा. वडील शेतकरी, कडक शिस्तीचे आणि त्याहून कडक धर्मनिष्ठेचे. मुलाला धर्म पटेना आणि शेतीही आवडेना. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि हा किडकिडीत मुलगा औतामागे चालू लागला. त्या कामाचा त्याला मनस्वी कंटाळा होता. पुढे जन्मभर ज्याने शेतीच्या कष्टांचाच विचार केला, तो तरुणपणी शेतीतून पळ काढायच्या तयारीत होता. कॅनडाला जायचे त्याने जवळजवळ नक्कीही केले होते. पण १९०२ मध्ये मोठा भाऊ ज्यो याने त्याला बेलफास्टमधल्या आपल्या सायकल आणि मोटारदुरुस्तीच्या दुकानात बोलावून घेतले.

तिथे एक गोष्ट लवकरच सर्वांच्या लक्षात आली. या पोराच्या हाताला इंजिन वश होते. मोटार तेव्हा नवी होती, पेट्रोल कसेही मिळत होते, आणि रस्त्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करणे ही एक विद्या होती. हॅरी इंजिन ऐकून त्याचे दुखणे सांगत असे. ट्यूनिंग हा त्याचा हातखंडा. त्या जोरावर दुकानाचे नाव झाले. मग जाहिरात म्हणून हॅरी मोटारसायकलच्या शर्यतींत उतरला, तेही नाव वाढवूनच परतला.

त्या ट्यूनिंगमधला मोठा भाग कार्बोरेटरचा. आता स्कूटरवरूनही कार्बोरेटर गेला, म्हणून तो काय करतो हे थोडक्यात सांगतो. त्याचे काम एकच, हवेत पेट्रोल योग्य प्रमाणात मिसळणे. वजनाने साधारण पंधरा भाग हवेला एक भाग पेट्रोल. हवेची वाट एका ठिकाणी मुद्दाम अरुंद केलेली असते. तिथून हवा वेगाने जाते, दाब उतरतो, आणि शेजारच्या वाटीतले पेट्रोल एका सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून ओढले जाते. त्या छिद्राला जेट म्हणतात. वाटीतली पातळी मात्र कायम राहिली पाहिजे. त्यासाठी वाटीत पोकळ फ्लोट तरंगत असतो. पातळी उतरली की फ्लोट उतरतो, त्याच्यावरची सुई मोकळी होते आणि पेट्रोल आत येते. वाटी भरली की फ्लोट वर येतो आणि सुई वाट बंद करते. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतला बॉल कॉक हेच करतो. माणसाने लक्ष ठेवायची गरज नाही. जेवढी गरज, तेवढेच आत. ही लहानशी युक्ती वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

१९०९ मध्ये हॅरी विमानांच्या मेळाव्यांना जाऊन आला आणि त्याला उडायचे वेड लागले. भावाच्या मागे लागून त्याने दुकानातच विमान बांधायला घेतले. इंजिन आठ सिलिंडरचे, ३५ अश्वशक्तीचे. कधी पंखा साथ देईना, कधी वारा. अखेर वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबर १९०९ रोजी, हिल्सबरोच्या मैदानावर ते विमान जमिनीवरून उठले आणि सुमारे १३० यार्ड गेले. आयर्लंडच्या भूमीवरचे ते पहिले उड्डाण. वय वर्षे पंचवीस. पुढच्या ऑगस्टमध्ये न्यूकॅसलच्या समुद्रकिनाऱ्यावर त्याने जवळजवळ तीन मैल उडून १०० पौंडांचे बक्षीस मिळवले. मग भावाशी बिनसले. १९११ मध्ये त्याने बेलफास्टमध्ये स्वतःचा मोटारींचा व्यवसाय काढला, आणि त्या गॅरेजमध्ये त्याला विल्यम सँड्स नावाचा कारागीर लाभला. फर्ग्युसनच्या कल्पनेला लोखंडी रूप देणारे हात बहुतेक वेळा सँड्सचे होते. १९१४ च्या अल्स्टर चळवळीत बंदुका चोरून आणण्याच्या प्रकरणातही हॅरी होता. स्वभावात गप्प बसणे नव्हतेच.

त्याच्या आयुष्याला वळण लागले ते १९१७ मध्ये. महायुद्धामुळे अन्नधान्याची टंचाई होती, जर्मन पाणबुड्या जहाजे बुडवत होत्या, आणि आयर्लंडमधल्या ट्रॅक्टरांकडून जास्तीत जास्त काम करून घेणे सरकारला भाग होते. शेतीखात्याने फर्ग्युसनवर ते काम सोपवले. सँड्सला घेऊन तो गावोगाव हिंडला. बंद ट्रॅक्टर सुरू करायचे, नांगर जुळवून द्यायचा, चालवणाऱ्याला शिकवायचे आणि पुढच्या गावाला जायचे. ज्या शेतातून तो पळाला होता, त्याच शेतात पान्हा घेऊन परत आला.

त्या भटकंतीत त्याला दिसले, की इंजिन दुरुस्त झाले तरी काम दुरुस्त होत नाही. ट्रॅक्टर एक यंत्र, नांगर दुसरे, आणि दोघांमध्ये फक्त एक साखळी. बैलामागे किंवा घोड्यामागे अवजार जोडायची जी पद्धत हजारो वर्षे चालत आली, तीच या यंत्रालाही लावली होती. बैलाची गोष्ट वेगळी. फाळ दगडात अडकला तर बैल थांबतो, जू मानेवर ठेवून मालकाकडे वळून बघतो. ट्रॅक्टर थांबत नाही. मागची चाके जमिनीत रुतून बसली आणि इंजिन ओढतच राहिले, तर पुढचे तोंड वर उचलले जाते आणि तो मागच्या मागे चालवणाऱ्याच्या अंगावर उलटतो. १९१७ मध्ये हेन्री फोर्डचा फोर्डसन ट्रॅक्टर बाजारात आला. तो स्वस्त होता, लाखांनी खपला. अशा उलटण्यात अनेक जण प्राणांना मुकले.

फर्ग्युसनने ठरवले, की नांगर हा ट्रॅक्टरचाच अवयव झाला पाहिजे. आधी दोन दांड्यांची जोडणी, मग तीन. नांगराला अडथळा झाला की वरचा दांडा ट्रॅक्टरला पुढे रेटतो, त्यामुळे पुढचे तोंड उचलले जाण्याऐवजी जमिनीला दाबले जाते. उलटण्याची भीती गेली. वजनदार नांगर आणि त्याची चाके अनावश्यक झाली, कारण नांगराचा भार मागच्या चाकांवर येऊन पकड वाढू लागली. म्हणजे ट्रॅक्टर हलका करता येऊ लागला.

राहिला खोलीचा प्रश्न. जमीन कुठे मऊ, कुठे घट्ट. नांगर कधी खोल जाणार, कधी वर येणार. १९२५ मध्ये पेटंट घेतलेल्या फर्ग्युसनच्या पद्धतीत यंत्रणा स्वतःच ते बघते. मातीचा जोर वाढला की वरच्या दांड्यावरचा दाब वाढतो, तो एका स्प्रिंगला कळतो, स्प्रिंग तेलाची झडप उघडते आणि हायड्रोलिक लिफ्ट नांगर किंचित उचलते. जोर कमी झाला की नांगर पुन्हा उतरतो. वाचकांना कार्बोरेटरचा फ्लोट आठवला असेल. दोन्हींत तत्त्व एकच, गरजेची खबर गरजेनेच द्यायची आणि झडपेने ती ऐकायची. बेलफास्टच्या दुकानात वर्षानुवर्षे ज्याने फ्लोट आणि सुया बसवल्या, त्याने नांगरालाच एक फ्लोट बसवला, असे मला आपले वाटते. त्याने तसे कुठे म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही.

पेटंट मिळाले, पण ट्रॅक्टर कोण बनवणार? १९३३ मध्ये त्याने स्वतःच एक नमुना बांधला. काळा रंग दिलेला तो ट्रॅक्टर आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. १९३६ मध्ये डेव्हिड ब्राउन या यॉर्कशायरच्या कारखानदाराबरोबर उत्पादन सुरू झाले, सुमारे १,३५० ट्रॅक्टर निघाले आणि दोघांचे पटेनासे झाले. ब्राउनला ट्रॅक्टर मोठा हवा होता. फर्ग्युसनला आपल्या आराखड्यातला एक बोल्टही कोणी बदललेला चालत नसे. नीटनेटकेपणाचा त्याला इतका हट्ट होता, की बरोबर काम करणारे त्याने जेरीस आणले. पण त्याच हट्टाचा शेतकऱ्याला झालेला फायदाही बघा. ट्रॅक्टरवरच्या बहुतेक सगळ्या नट-बोल्टांचे माप त्याने मोजक्या आकारांत बसवले आणि सोबत एकच पान्हा दिला. त्या पान्ह्यावर इंचांच्या खुणा कोरलेल्या, म्हणजे नांगराचे माप घ्यायला पट्टी शोधायला नको.

आता तो प्रसंग, ज्यासाठी माझ्यासारख्या बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला या चरित्राने धरून ठेवले. ऑक्टोबर १९३८. फर्ग्युसन आपला ट्रॅक्टर जहाजात घालून अमेरिकेला गेला आणि डिअरबॉर्नला, हेन्री फोर्डच्या बंगल्याजवळच्या शेतात त्याने तो चालवून दाखवला. फोर्ड तेव्हा पंचाहत्तरीचा. तो स्वतः शेतकऱ्याचा मुलगा, त्यालाही शेतीच्या कष्टांचा तिटकारा, आणि त्याच्या वडिलांची मुळेही आयर्लंडची. शेतात टेबल आणून दोघे बसले. फोर्डने ट्रॅक्टर बनवायचे, फर्ग्युसनने ते विकायचे, आराखड्याची जबाबदारी फर्ग्युसनची. दोघे उठले आणि त्यांनी हात मिळवले. कागद नाही, सही नाही, साक्षीदारांचा दस्त नाही. जगातल्या दोन हट्टी माणसांनी कोट्यवधींचा व्यवहार एका हस्तांदोलनावर केला.

पाच एकरांच्या कर्जालाही सातबारा, जामीनदार आणि स्टँप पेपर मागणाऱ्या आम्हा मंडळींना हे वाचून घाम फुटतो. आणि तरी तो व्यवहार चालला! जून १९३९ मध्ये नवा ट्रॅक्टर जगापुढे आला. किंमत ५८५ डॉलर. आठ वर्षांच्या एका मुलाने तो चालवून सरळ तास पाडून दाखवले. जो मुलगा लहानपणी औतामागे कंटाळला होता, त्याला याहून वेगळे उत्तर द्यायचे नव्हते. १९४७ पर्यंत असे तीन लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले.

पण हस्तांदोलन दोन हातांचे असते. १९४५ मध्ये कंपनीची सूत्रे म्हाताऱ्या फोर्डच्या हातून नातवाकडे गेली. हिशेब बघता ट्रॅक्टरमध्ये कंपनीला तोटा होता. १९४६ च्या अखेरीस नातवाने करार संपवत असल्याचे कळवले, एप्रिल १९४७ मध्ये आजोबा वारले, आणि त्याच उन्हाळ्यात फोर्ड कंपनीचा नवा ट्रॅक्टर बाजारात आला. मागे तेच तीन दांडे, तीच लिफ्ट. फर्ग्युसनच्या हाती दाखवायला कागद नव्हता, पेटंटे होती. जानेवारी १९४८ मध्ये त्याने २५ कोटी १० लाख डॉलरचा दावा लावला. तो चार वर्षे चालला. एप्रिल १९५२ मध्ये तडजोड झाली ती ९२ लाख ५० हजार डॉलरवर. लहान माणसाने मोठ्या कंपनीला नमवले म्हणून वर्तमानपत्रांनी कौतुक केले. पण ती चार वर्षे त्याच्या आयुष्यातून गेली ती गेलीच. माझ्या मिस्त्र्याच्या भाषेत सांगायचे, तर वाट टाकीपाशीच बुजलेली होती. यंत्रातली प्रत्येक तोटी तपासणाऱ्या माणसाने स्वतःच्या सर्वांत मोठ्या व्यवहाराची तोटी तपासली नव्हती. मात्र कागदावर अडून बसला असता, तर तो व्यवहार झालाच नसता, हेही खरे.

दावा चालू असताना तो हातावर हात ठेवून बसला नव्हता. १९४६ मध्येच इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री इथे, युद्धात विमानांची इंजिने बनवणाऱ्या कारखान्यात, स्टँडर्ड मोटर कंपनीने त्याचा ट्रॅक्टर बनवायला घेतला. नाव टीई-२०. हाच तो राखाडी फर्ग्युसन. १९४८ मध्ये त्याने लंडनच्या क्लॅरिजेस हॉटेलात, झुंबरांखाली, हा ट्रॅक्टर चालवून दाखवला. १९५६ पर्यंत असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर बनले. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचला तो याच ट्रॅक्टरवर, चाकांना पट्टे चढवून.

या ट्रॅक्टरची इंधनाची वाट पाहिली, की बनवणाऱ्याचा स्वभाव कळतो. पंप नाही. टाकी बॉनेटखाली, इंजिनाच्या वर. पेट्रोल आपल्या वजनाने खाली येते. टाकीखाली तोटी. तोटीखाली काचेची वाटी, म्हणजे पाणी आणि गाळ डोळ्यांना दिसावा. तिथे जाळी. मग नळी, आणि खाली कार्बोरेटर. पेट्रोल महाग आणि रेशनवर होते म्हणून एका प्रकारात रॉकेलच्या जातीचे स्वस्त इंधन चाले. त्याला टाकीचे दोन कप्पे. सुरुवात पेट्रोलवर करायची, इंजिन चांगले तापले की दुसऱ्या इंधनावर जायचे, आणि बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर यायचे. हा शेवटचा नियम विसरला, की वाटीत स्वस्त इंधनच राहते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिन काही केल्या सुरू होत नाही. न जळलेले इंधन सिलिंडरवाटे खाली उतरून ऑइल पातळ करते, ते नुकसान वेगळेच.

असा ट्रॅक्टर अजूनही कुणी हौसेने जपला असेल, तर त्याच्यासाठी त्या म्हाताऱ्या मिस्त्र्याचा क्रम सांगतो. आधी ठिणगी बघा. तापल्यावर रुसणारी कॉइल अगदी पेट्रोल संपल्यासारखे सोंग करते, आणि कार्बोरेटरवर नाहक आळ येतो. ठिणगी ठीक असेल तर कार्बोरेटरपाशी नळी सोडा, खाली भांडे धरा, तोटी उघडा. मात्र इंजिन गार हवे आणि विडी-काडी लांब हवी. धार जोरात येऊन हळूहळू मंदावली, तर झाकणाचे छिद्र बुजले आहे. झाकण सैल करून पुन्हा पाहा. सुरुवातीपासूनच धार करंगळीएवढीही नसेल, तर कचरा तोटीत किंवा जाळीत. काचेच्या वाटीत तळाला वेगळा थर दिसला, तर ते पाणी. धार भरपूर आहे आणि तरी इंजिन उपाशी, तर आता खुशाल कार्बोरेटर उघडा. चोक ओढल्यावर इंजिन सुधारले, तर पेट्रोल कमी पडते आहे. जेट वाऱ्याने फुंका, तार घालू नका. छिद्र किंचित मोठे झाले तरी मिश्रण कायमचे बिघडते. उलट धूर काळा येत असेल, प्लग काजळला असेल, खाली पेट्रोल ठिबकत असेल, तर फ्लोटला भोक आहे किंवा सुई बसत नाही. फ्लोट कानाशी हलवून पाहा, आत पेट्रोल डुचमळले तर ऐकू येते. आणि आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. ते ओलावा धरते, जुन्या रबराला आणि बुचाला मानवत नाही. म्हणून ट्रॅक्टर महिनोन्महिने उभा ठेवायचा असेल, तर टाकी आणि वाटी रिकामी करून ठेवावी.

फर्ग्युसनच्या शेवटच्या वर्षांकडे वळताना मात्र असा क्रम सापडत नाही. १९५३ मध्ये त्याची कंपनी कॅनडाच्या मॅसी-हॅरिसमध्ये विलीन झाली. सौद्यात दहा लाख डॉलरचा फरक राहिला, तेव्हा त्याने तो नाणे उडवून मिटवायचे सुचवले, आणि तो हरला. हरल्याचे त्याला काही वाटले नाही म्हणतात. पण नव्या मोठ्या कंपनीत त्याचा हट्ट मावेना. वर्षभरात त्याने अध्यक्षपद सोडले. मग मोटारींच्या चारही चाकांना शक्ती देण्याच्या संशोधनात त्याने पैसा ओतला. मोटार कंपन्यांनी दाद दिली नाही. झोप उडाली. मनावर खिन्नतेचे झटके येऊ लागले. पूर्वीही ते येत असत, आता मुक्काम वाढला.

२५ ऑक्टोबर १९६० रोजी, इंग्लंडमधल्या स्टो-ऑन-द-वोल्ड इथल्या आपल्या घरी तो न्हाणीघरात मृतावस्थेत सापडला. झोपेच्या औषधाची मात्रा जास्त झाली होती. ती चुकून झाली की जाणून, याचा निर्णय चौकशीत झाला नाही; निकाल खुला ठेवला गेला. आपणही तो तसाच ठेवावा. यंत्राच्या आवाजावरून त्याचे दुखणे ओळखणारा हा माणूस. त्याच्या घरात, त्याच्या कंपनीत, त्याचे दुखणे ऐकू येणारे कोणी होते की नाही, ते कळायला मार्ग नाही. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९६१ मध्ये, त्याच्या चारचाकी शक्तीच्या मोटारीने स्टर्लिंग मॉसच्या हाती औल्टन पार्कची शर्यत जिंकली.

त्याच सुमारास मद्रासमध्ये ‘टॅफे’ ही कंपनी उभी राहिली आणि मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर आपल्याकडे बनू लागले. शाखेत माझ्यासमोर आलेल्या अर्जांत ते नाव मी कितीदा लिहिले असेल. बोजा चढवताना, हप्ते लावताना, थकबाकीच्या याद्या करताना. या नावामागे माणूस आहे हे तेव्हा मनात आले नाही. कागद बघण्याची सवय लागली की माणूस दिसेनासा होतो, आणि फर्ग्युसनचे नेमके उलट झाले होते. त्याला समोरचा माणूस दिसला आणि कागद दिसला नाही.

त्या शेतकऱ्याचे कर्ज मंजूर झाले. डिझेलचा नवा ट्रॅक्टर आला, त्याला कार्बोरेटर नव्हता. जुना राखाडी ट्रॅक्टर त्याने विकला नाही. पुढे एकदा त्या बाजूला गेलो, तेव्हा तो गोठ्याशेजारी पत्र्याखाली उभा होता. मी सहज जवळ जाऊन टाकीचे झाकण बघितले. छिद्र साफ होते, आणि कुणीतरी त्यात कचरा जाऊ नये म्हणून वर फडक्याची सैल घडी ठेवली होती.